अडकलेला म्हणजे कोण?

मे २०२०च्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या भागातल्या लोकांचे प्रवासाचे अर्ज भरून देत होतो. घराच्या ओट्यावर टेबल टाकले होते, तोंडाला रुमाल, हातात मुलाचा स्मार्टफोन. अर्ज भरायला येणाऱ्यांत बहुतेक परराज्यातले कारागीर होते. त्यांत उत्तर प्रदेशातला एक फरशी बसवणारा होता. आठ वर्षे सोलापुरात, दोन वर्षांतून एकदा गावी. त्याने कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप गटावर बातमी वाचली होती आणि तो जरा घाबरून विचारत होता, "अंकल, हम फँसे हुए में आते हैं या नहीं?"

मी हसलो. दीड महिना काम नाही, मजुरी नाही, रेल्वे बंद; हा अडकलेला नाही तर कोण? त्याची बातमी मात्र खरी होती. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ एप्रिलला स्थलांतरित मजूर, यात्रेकरू, पर्यटक आणि विद्यार्थी यांच्यापैकी जे अडकले आहेत त्यांना आपापल्या राज्यात जाण्याची मुभा दिली होती. मग ३ मे रोजी गृहसचिवांनी राज्यांना पत्र पाठवून खुलासा केला. त्याचा आशय असा, की ही मुभा टाळेबंदीच्या अगदी आधी आपल्या गावाहून किंवा कामाच्या ठिकाणाहून निघालेल्या आणि परतू न शकलेल्या लोकांसाठी आहे. कामासाठी एरवी परगावीच राहणारे आणि आता नेहमीसारखे घरी जाऊ इच्छिणारे लोक तिच्यात धरायचे नाहीत. या व्याख्येने देवदर्शनाला आलेला यात्रेकरू अडकलेला ठरत होता. आठ वर्षे इथे फरशा बसवणारा तसा ठरत नव्हता. तो फक्त परगावी राहणारा.

पाच वर्षे झाली, ते पत्र माझ्या डोक्यातून गेलेले नाही. हा लेख त्यातूनच आला.

मी विद्यापीठातला संशोधक नाही. शिक्षण बारावीपर्यंत, आणि पुढची तीस वर्षे सुताच्या दुकानात हिशेब लिहिण्यात गेली. वाचन झाले ते हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानांतून. पण खतावणी लिहिणाऱ्याला एक सवय लागते. रक्कम किती आहे याआधी तो ती कोणत्या खात्यावर टाकली आहे हे बघतो. खाते चुकले की बेरीज बरोबर येऊनही हिशेब खोटा ठरतो. साथीच्या काळातले सरकारी आदेश मी याच सवयीने वाचले. आपल्याकडे कवितेची, कादंबरीची समीक्षा होते. शासनादेशाची होते ती बहुधा राजकीय, म्हणजे कोणत्या पक्षाने काढला एवढीच. त्यातले शब्द माणसाला कोणत्या खात्यावर टाकतात हे कोणी फारसे बघत नाही. लाखो लोकांचे आयुष्य मात्र त्या शब्दांवर ठरते.

आता आदेश क्रमाने वाचू. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या. २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत लागू झाली. २९ मार्चला गृह मंत्रालयाने राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करायला सांगितले. निघालेल्या मजुरांना जवळच्या निवाऱ्यात चौदा दिवस ठेवावे, मालकांनी पूर्ण पगार द्यावा, घरमालकांनी महिनाभराचे भाडे मागू नये, असेही त्याच आदेशात होते. कागदावर हा आदेश माणुसकीचा वाटतो. पण पगार द्या म्हणणाऱ्या सरकारने त्यासाठी आपल्या तिजोरीतून काही ठेवले नव्हते, आणि ज्याला मालकच नाही, नुसता ठेकेदार आहे, त्याने पगार कोणाकडे मागायचा हे आदेशात नव्हते. मेच्या मध्यानंतर पगाराचा तो आदेश मागेही घेतला गेला. ३१ मार्चला केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की सकाळी अकरापर्यंतच्या माहितीनुसार रस्त्यावर कोणीही चालत नाही. त्यानंतरचे कित्येक आठवडे आमच्या हैदराबाद रस्त्यावरून माणसे चालत गेलेली मी स्वतः पाहिली आहेत.

मग १९ एप्रिलचा आदेश आला. माझ्या मते या सगळ्या साखळीत सर्वांत महत्त्वाचा हाच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. निवाऱ्यांतल्या मजुरांची नोंद करा, कोणाला कोणते काम येते त्याची यादी करा, लक्षणे नसतील तर त्यांना बसने राज्यातल्या राज्यात कामाच्या ठिकाणी पोहोचवा, असे तो सांगतो. बसमध्ये अंतर ठेवून बसवणे, बस निर्जंतुक करणे, वाटेत अन्नपाणी देणे, सगळे त्यात आहे. राज्याबाहेर मात्र कोणी जायचे नाही.

म्हणजे १९ एप्रिलला सरकारला मजूर सुरक्षितपणे कसा हलवायचा हे कळलेले होते. बस, तपासणी, जेवण, यादी, सगळे कळलेले होते. तीच बस, तोच माणूस. ती बांधकामाकडे निघाली तर परवानगी, गावाकडे निघाली तर बंदी. विषाणूला हा फरक कळण्याचे कारण नव्हते. माणूस कामाच्या खात्यावर असेल तोवर त्याची हालचाल मंजूर, असा त्या आदेशाचा अर्थ निघतो.

हा अर्थ मी ओढूनताणून काढतो आहे असे वाटत असेल, तर शेजारच्या कर्नाटकाकडे पाहावे. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. ५ मे रोजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली, आणि लगोलग कर्नाटकाने ६ मेपासूनच्या गाड्यांची मागणी रेल्वेकडून मागे घेतली. बांधकामे सुरू होत आहेत, मजुरांनी जाऊ नये, हे कारण झाकलेले नव्हते. देशभर टीका झाली तेव्हा दोन दिवसांत निर्णय बदलला. त्याच आठवड्यात, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने चालत निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर बदनापूर-करमाड दरम्यान मालगाडीखाली गेले. थकून रुळांवरच झोपले होते. रेल्वे बंद आहेत असे त्यांना वाटले होते, आणि प्रवाशांसाठी त्या खरोखर बंदच होत्या. माल हलत होता.

हे आपल्याच देशाचे वैगुण्य आहे असेही नाही. जर्मनीने मार्च २०२०मध्ये हंगामी शेतमजुरांना सीमा बंद केली. एप्रिल लागला तसा शतावरीच्या कुळातल्या तिथल्या पांढऱ्या भाजीचा, अ‍ॅस्परॅगसचा, हंगाम आला. ती हाताने काढावी लागते आणि ते काम वर्षानुवर्षे रुमानिया-पोलंडकडचे मजूर करतात. मग एप्रिलमध्ये चाळीस हजार आणि मेमध्ये चाळीस हजार मजुरांना विमानाने आणायचे ठरले. सीमा माणसांना बंद होती, हंगामाला उघडली.

आणि हे नवेही नाही. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. पालिका आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. लोक बिथरले, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. महिना संपायच्या आत हुकूम सैल झाला. त्यामागची एक मोठी भीती अशी होती, की सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगीच उरणार नाही. ज्यांच्यावाचून शहराचे अडत होते, ते निघून जातील या धाकाने धोरण वाकले. पुढे १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव गेली. गिरण्यांना माणसे मिळेनात. तेव्हा गिरणीवाले महिन्याच्या पगाराचा हट्ट सोडून रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांवर चढ करत कामगार मिळवू लागले. परत जाण्याची वाट उघडी होती म्हणून कामगाराच्या मजुरीला त्या वर्षी किंमत आली.

त्याच फेब्रुवारीत, ४ तारखेला, साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा कायदा. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे, संशयितांना वेगळे ठेवणे, हे अधिकार त्यात सरकारला मिळाले. पुण्यात त्या अधिकारांचे काय झाले, २२ जून १८९७ला रँडवर गोळी का झाडली गेली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण त्या कायद्यात प्रवाशाचा एकही हक्क लिहिलेला नाही हे आपण विसरतो. महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२०ला तोच कायदा लागू केला. २०२०च्या एप्रिलमध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी, आणि ती योग्यच होती. प्रवाशाबद्दल मात्र १२३ वर्षांनीही त्यात सरकारचा अधिकार तेवढा होता, प्रवाशाचा हक्क नव्हता.

इथे एक रास्त आक्षेप येतो. साथीत हालचाल थांबवावीच लागते; मजूर गावोगाव गेले असते तर रोग खेड्यांत पोहोचला असता. आक्षेप बिनबुडाचा नाही. म्हणून तारखा आणि आकडे शेजारी ठेवून पाहू. २४ मार्चला देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. १ मेला, श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा, ते पस्तीस हजारांवर गेले होते. पहिल्या आठवड्यात चार दिवसांची मुदत देऊन, तपासणी करून लोकांना जाऊ दिले असते, तर जेवढा धोका होता त्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पाच आठवडे दाटीवाटीच्या खोल्यांत डांबून नंतर सोडण्यात होता. तेव्हा चाचण्याच कमी होत्या, खरा आकडा मोठा असणार, हे मान्य. तरीही दिशा बदलत नाही. शेवटी चार हजार सहाशेहून अधिक गाड्यांनी ६३ लाखांवर माणसे नेली. त्यांना नेणे अशक्य नव्हते. ते उशिरा झाले.

ते वेळेत आणि शिस्तीत होऊ शकते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात. टाळेबंदी लागली तेव्हा बीड आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्या इथल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर होत्या. साखर जीवनावश्यक, म्हणून गाळप चालू राहिले. बाकी देशाला घरात बसा सांगितले जात असताना कोयता मात्र चालत होता. मग एकेका कारखान्याचा पट्टा पडला आणि माणसे, बैल, लेकरे कोप्यांत बसून राहिली. १७ एप्रिलला महाराष्ट्र सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली. तेव्हा ३८ कारखान्यांच्या निवाऱ्यांत सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगार होते. कारखान्याने आरोग्य तपासणी करून घ्यायची, यादी द्यायची, पोहोचवायची सोय करायची, गावाला आधी कळवायचे, असे ठरले. केंद्राच्या परवानगीच्या बारा दिवस आधी, राज्यातल्या राज्यात, हे घडले.

या निर्णयाचे श्रेय सरकारला दिले पाहिजे. आणि तो का शक्य झाला हेही पाहिले पाहिजे. एक, माणसांची यादी होती. मुकादमाच्या वहीत कोणत्या गावचे किती कोयते हे लिहिलेले असते, कारण उचल दिलेली असते. पैसे अडकलेले असले की माणसाची नोंद चोख राहते. दोन, जबाबदार कोण हे ठरलेले होते, म्हणजे कारखाना. तीन, हंगाम संपला होता. या तिसऱ्या कारणापाशी मी थांबतो. गाळप चालू असताना जे कामगार घरी जाऊ मागत होते, तपासणी आणि वाहनाची तीच सोय त्यांच्यासाठीही करता आली असती. ती झाली पट्टा पडल्यावर. इथेही घराची वाट कामाच्या खात्यातून गेली.

आता कायद्याकडे. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९चा होता. ठेकेदाराने पाच किंवा अधिक परराज्यातले कामगार आणले तर त्याला परवाना लागत असे, प्रत्येकाला पासबुक द्यावे लागत असे, आणि येण्याचे व परत जाण्याचे भाडे ठेकेदाराने द्यायचे असे. मे २०२०मध्ये श्रमिक गाडीचे तिकीट कोणी काढायचे यावरून केंद्र, राज्ये आणि पक्ष भांडत होते. महाराष्ट्राने मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून पैसे दिले, आणि २८ मेला सर्वोच्च न्यायालयाने मजुरांकडून भाडे घेऊ नये असे बजावले. एकेचाळीस वर्षे परतीचे भाडे कायद्यात लिहिलेले होते, याची आठवण त्या भांडणात फारच थोड्यांनी काढली. माझ्या ओट्यावर आलेल्या एकाकडेही पासबुक नव्हते. त्या कायद्याप्रमाणे नोंदी ठेवल्या असत्या, तर २४ मार्चला सरकारच्या हातात निदान ठेकेदारांनी आणलेल्यांची यादी तरी असती, मुकादमाच्या वहीसारखी.

नोंद नसल्याचे पुढे काय झाले ते संसदेत दिसले. १४ सप्टेंबर २०२०ला कामगार मंत्र्यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले, की परतताना मेलेल्या मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही. एक कोटीहून अधिक मजूर परतले ही संख्या मात्र सरकारजवळ होती. श्रमिक गाड्यांत ९७ जण दगावले हे त्याच अधिवेशनात सांगितले गेले, कारण रेल्वेत मृत्यू झाला की पंचनामा होतो. रस्त्यावर चालता चालता मेलेल्यासाठी खातेच नव्हते.

त्याच महिन्यात संसदेने नवी कामगार संहिता मंजूर केली. तिच्यात स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित म्हटले आहे, हे पुढचे पाऊल. वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचे भाडेही आहे. पण पाचाची अट दहावर नेली, विस्थापन भत्ता गेला, आणि व्याख्या आंतरराज्यच राहिली. बीडहून माळशिरसला येणारा ऊसतोड कामगार तिच्यात बसत नाही, कारण तो राज्याची सीमा ओलांडत नाही. २०२५च्या दिवाळीपर्यंत ती संहिता लागूही झालेली नव्हती.

काहीच शिकलो नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने निर्बंध लावले ते आदल्या दिवशी सांगून. रेल्वे बंद केली नाही. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले. रक्कम तोकडी, पण घरी जायची वाट उघडी होती, आणि २०२०सारखे चालणारे तांडे दिसले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१मध्ये एक देश एक रेशनकार्ड योजना सगळ्या राज्यांत लागू करायला आणि असंघटित कामगारांच्या नोंदणीची वेबसाइट सुरू करायला मुदत घालून दिली. ऑगस्टात ई-श्रम सुरू झाले. रेशनकार्ड माणसाच्या मागे चालू लागले ही मोठी गोष्ट आहे. पोर्तुगालने मार्च २०२०च्या अखेरीस त्याहून सरळ वाट काढली होती. ज्या परदेशी लोकांचे राहण्याचे अर्ज प्रलंबित होते त्या सगळ्यांना काही महिन्यांपुरते रहिवासी मानले, म्हणजे ते दवाखान्यात जायला घाबरणार नाहीत. साथ रोखायची तर माणसाने सरकारपासून लपू नये, एवढा साधा हिशेब.

सोलापूरकराला हे सांगायला नको. १८६०मध्ये रेल्वे आली, १८७७मध्ये जुनी गिरण सुरू झाली, आणि तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसे येत गेली. आमचे घर पद्मशाल्यांचे, पणजोबा करीमनगरकडून आलेले. घरात तेलुगू, बाजारात कानडी, वहीत मराठी. आम्ही परगावी राहणारे कधी संपलो आणि सोलापूरचे कधी झालो, याची तारीख कोणाजवळ नाही. कोणत्या आदेशाने आम्हाला कोणत्या खात्यावर टाकले असते कोणास ठाऊक.

पुढची साथ येईल तेव्हा आदेशही येतील. वाचकांनी त्यांत तीन गोष्टी शोधाव्यात असे मला वाटते. घरी जायची मुभा आहे का, आणि ती कामाला जायच्या मुभेबरोबरच दिली आहे की नंतर. भाडे आणि जेवण कोण देणार त्याचे नाव लिहिले आहे का. आणि ‘अडकलेला’ या शब्दाची व्याख्या कोणी केली आहे.

तो फरशीवाला मेच्या अखेरीस गाडीने गेला आणि दिवाळीनंतर परत आला. आजही इथेच काम करतो. त्या दिवशी ३ मेचे पत्र मी दोनदा वाचले होते, आणि तरी त्याच्या अर्जात ‘अडकलेला’ असेच लिहिले. तीस वर्षांच्या हिशेबनिसीत जाणूनबुजून चुकीच्या खात्यावर नोंद टाकल्याचे मला आठवत नाही. तीही चुकीची होती असे मला वाटत नाही.